रुग्णनोंदीची गोपनीयता : मुंबईच्या प्लेगपासून आजपर्यंत

१

रुग्ण वैद्यापाशी जे बोलतो ते तो इतर कोणापाशीही बोलत नाही. पुष्कळदा घरच्या माणसांपाशीही नाही. ज्या भरवशावर हे बोलणे चालते तो भरवसा फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरूने नव्या शिष्यास करावयाचा जो उपदेश आला आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. हिपॉक्रटीझच्या नावावर चालत आलेल्या ग्रीक शपथेतही उपचार करताना पाहिलेले व ऐकलेले, जे बाहेर बोलू नये असे असेल ते, मनात ठेवण्याचे वचन आहे. दोन्ही ठिकाणी गृहीत धरलेली परिस्थिती एकच दिसते : एक घर, दोन माणसे आणि तोंडी बोलणे. नोंदवहीचा उल्लेख दोहोंतही नाही.

आधुनिक रुग्णालयाने ही परिस्थिती पालटली. बोललेले लिहिले जाऊ लागले, लिहिलेले वहीत साठू लागले आणि वही अनेकांच्या हाताखालून जाऊ लागली. बोललेल्या शब्दाचा श्रोता बोलणारास समोर दिसतो. लिहिलेल्या शब्दाचा वाचक कोण असेल हे त्याला कळत नाही. वैद्याशी बोललेले वाक्य पुढे कारकून वाचील, अंमलदार वाचील की मालक वाचील, ह्याचा अंदाज रुग्णास ज्या दिवशी येतो, त्या दिवसापासून तो वैद्याशीही निराळे बोलू लागतो. गोपनीयतेचा प्रश्न हा म्हणून केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. वैद्यास खरे काय ते कळणार की नाही, असा तो प्रश्न आहे.

शब्दाच्या इतिहासाकडे पाहिले असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 'गोपनीय' आणि 'गुप्त' हे दोन्ही शब्द संस्कृत 'गुप्' ह्या धातूपासून आलेले आहेत, आणि त्या धातूचा मूळ अर्थ 'राखणे, रक्षण करणे' असा आहे. 'गोप्ता' म्हणजे रक्षणकर्ता. लपविणे हा अर्थ मागाहून आला. तेव्हा गोपनीय म्हणजे जे दडवावयाचे ते नव्हे, तर ज्याची राखण करावयाची ते. नोंद ठेवणारा हा तिचा मालक नसून राखणदार होय, हा भाव त्या शब्दातच आहे. प्रत्यक्ष इतिहासात मात्र हा भाव फार उशिरा उतरला.

२

आपल्याकडे रोग्यांची नावानिशी नोंद ठेवण्याच्या प्रयत्नांत सुरुवातीपासून सत्तेचा हात होता. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. हा कायदा १८८८ मध्ये रद्द करण्यात आला. ही नोंद त्या स्त्रियांसाठी नव्हती. गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी होती. पहिला वाचक सरकार आणि शेवटचा वाचकही सरकार, असे तिचे स्वरूप होते.

त्यानंतर आठच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस ह्यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला आणि सरकारास जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. घरोघर झडत्या, संशयितांना रुग्णालयात नेणे, आप्तांना छावणीत ठेवणे, प्रेतांची तपासणी, रेल्वेच्या उतारूंची तपासणी असा हा कार्यक्रम होता. मुंबईत जनरल गॅटॅकर ह्यांच्या आणि पुण्यात रँड ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समित्या काम करू लागल्या.

प्लेगच्या काळातील नोंदीचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ती केवळ वहीत राहिली नाही. ती घराच्या भिंतीवर उतरली. ज्या घरात रुग्ण आढळत, त्याच्या दर्शनी भिंतीवर वर्तुळे काढली जात; जी घरे राहण्यास अयोग्य ठरत, त्यांच्यावर त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, यू. एच्. एच्., रंगविली जात. म्हणजे रुग्णाविषयीचा मजकूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास वाचावयास मिळाला. शेजारी, जातवाले, घरमालक, गिऱ्हाईक हे सर्व त्या नोंदीचे वाचक झाले.

ह्याचा परिणाम काय झाला, हे सर्वश्रुत आहे. लोकांनी रोगी लपविले, मेलेल्यांचे रोग लपविले आणि शहर सोडले. मुंबईची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. ही घट मृत्यू आणि स्थलांतर ह्या दोहोंची मिळून होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये ऑर्थर रोड येथील रुग्णालयावर गिरणी कामगारांनी हल्ला केला. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड ह्यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत विणकरांच्या वस्तीत प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारने सक्तीचा जोर हळूहळू कमी केला.

ह्या प्रक्षोभाची कारणे अनेक होती. सोवळेओवळे, स्त्रियांची तपासणी, सैनिकांचा उद्दामपणा, घरातील सामानाची नासधूस ही सर्व त्यात आली, आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सहसा वेगळी काढून सांगितली जात नाही. 'घरात कोणी आजारी आहे काय?' हा प्रश्न एरवी वैद्य विचारतो. १८९७ मध्ये तो शिपाई विचारू लागला. प्रश्नाचे शब्द तेच राहिले. पण उत्तर कोणाच्या हाती जाणार, हे बदलले, आणि म्हणून उत्तरही बदलले. 'नाही' हे त्या काळचे उत्तर अज्ञानातून आले, असे इंग्रज अंमलदारांनी पुष्कळदा मानले. वस्तुतः ते पूर्ण समजुतीने दिलेले उत्तर होते. रोग्यांचे जे आकडे सरकारला हवे होते, तेच ह्या पद्धतीने बिघडले.

ह्या उलट, जेथे नोंद ठेवणारा ओळखीचा होता तेथे काम निराळे झाले. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली, पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय उभे राहिले. तेथेही रोग्यांची नोंद होतच होती. फरक एवढाच, की तेथे रोग्याला आपले बोलणे कोठे जाते ह्याची कल्पना होती.

३

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. गर्भपात कायदेशीर झाला तरी नाव उघड होण्याच्या भयाने स्त्रिया रुग्णालयाऐवजी सुईणीकडे किंवा भोंदूकडेच जातील, हा धोका त्याच्या आखणीत ओळखलेला होता. त्याखालील १९७५ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २००३ च्या विनियमांत नोंदीची जी रीत सांगितली आहे, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे.

स्त्रीचे नाव एकाच ठिकाणी, म्हणजे दाखल झालेल्यांच्या नोंदवहीत, लिहावयाचे. ही वही गुप्त कागद समजावयाची. रुग्णपत्रक, शस्त्रक्रियागृहाची वही, पुढील तपासणीचे कार्ड ह्यांपैकी कोठेही नाव यावयाचे नाही. तेथे केवळ अनुक्रमांक. अनुक्रमांकास वर्ष जोडावयाचे, म्हणजे १९७२ सालची पाचवी स्त्री ती ५/१९७२. संमतिपत्र व डॉक्टरांचे मत एका लिफाफ्यात घालून त्यास मोहोर लावावयाची, त्यावर 'गुप्त' असा शेरा मारावयाचा आणि तो रुग्णालयाच्या प्रमुखाच्या ताब्यात ठेवावयाचा.

ह्या रचनेत एक साधे पण महत्त्वाचे तत्त्व आहे : नाव आणि माहिती ह्यांची फारकत. सरकारला किती गर्भपात झाले, कोणत्या महिन्यात झाले, कोणत्या कारणाने झाले हे कळणे आवश्यक आहे. ते क्रमांकावरून कळते. शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला कोणत्या स्त्रीला कोणते औषध द्यावयाचे हे कळले पाहिजे. तेही क्रमांकावरून कळते. नाव ज्यास खरोखर लागते त्यालाच ते मिळते. प्लेगच्या काळी भिंतीवरील वर्तुळाने जे साधले नाही, ते येथे कागदावरील एका अपूर्णांकासारख्या खुणेने साधले. २०२१ च्या दुरुस्तीने नाव उघड करणाऱ्या वैद्यास एक वर्षापर्यंत कैदेची किंवा दंडाची शिक्षाही सांगितली.

ह्या व्यवस्थेची कसोटी पाहणारा पेच पुढे निर्माण झाला. बालकांच्या लैंगिक शोषणाविषयीच्या २०१२ च्या कायद्याने, अठरा वर्षांखालील मुलीची हकीकत कळताच ती पोलिसांस कळविणे वैद्यास बंधनकारक केले. त्यामुळे अल्पवयीन मुली वैद्याकडे येण्यास कचरू लागल्या. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोड काढली : वैद्याने घटना कळवावी; मात्र मुलीची व तिच्या पालकाची तशी विनंती असेल तर तिची ओळख सांगण्याची गरज नाही. येथेही माहिती आणि नाव ह्यांची फारकत हाच मार्ग निघाला.

४

एड्सच्या आगमनाने जुने प्लेगचे प्रकरण जणू पुन्हा उघडले. गोव्यातील सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात ह्या रोगाच्या विषाणूने बाधित व्यक्तीस वेगळे ठेवण्याची तरतूद होती. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा ह्या रक्तदात्याच्या रक्तात विषाणू आढळला. रक्त त्याने दुसऱ्याच्या उपयोगासाठी दिले होते. त्या रक्तावरील नोंद मात्र पोलिसांपर्यंत पोहोचली. म्हापसे येथील क्षयाच्या जुन्या रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याच्या आईने दाखल केलेल्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने वेगळे ठेवण्याची तरतूद वैध ठरविली. १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ह्या संदर्भात महत्त्वाचे पाऊल टाकले. विषाणूची बाधा आहे म्हणून काम नाकारलेल्या एका मजुराच्या प्रकरणात, माणूस कामास समर्थ असेल व इतरांस धोका नसेल तर केवळ बाधेमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याहून नवी गोष्ट ही, की अर्जदारास नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली. निकालपत्रांत तो 'एम्एक्स' आणि प्रतिवादी 'झेडवाय' म्हणून ओळखला जातो. न्याय मागण्यासाठी नाव सांगावे लागते, आणि नाव सांगितल्याने जे गमवावे लागते ते कोणताही न्याय परत देत नाही. ही अडचण ह्या दोन अक्षरांनी सोडविली.

१९९८ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू पुढे आणली. रक्ततपासणीचा निष्कर्ष उघड झाल्याने ज्याचे लग्न मोडले, अशा एका व्यक्तीच्या दाव्यात गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही, नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्कही तितकाच मोलाचा आहे, असे न्यायालयाने ठरविले. बाधिताच्या विवाहाच्या हक्काविषयी त्याच निकालात आलेली मते अनावश्यक होती, असे २००२ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. परंतु मूळ प्रश्न खरा होता. मौन पाळल्याने ज्याचा जीव धोक्यात येतो असा तिसरा मनुष्य असतो, हे नाकारता येत नाही.

ह्या सर्व अनुभवाचा निष्कर्ष २०१७ च्या कायद्यात उतरला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आपली बाधा उघड करण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. नोंदी ठेवणाऱ्या संस्थांनी त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था केली पाहिजे. न्यायालयात नाव गुप्त ठेवण्याची सोय आहे. आणि जोडीदारास धोका असल्यास, समुपदेशनासारख्या ठराविक पायऱ्यांनंतरच, वैद्यास तो सांगता येतो. तिसऱ्या माणसाचा प्रश्न येथे टाळलेला नाही. त्याला सांगण्याची रीत घालून दिली आहे.

५

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनाच्या साथीत घरी अलग राहावयाच्या व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचे ठरविले. अधिकार १८९७ च्याच कायद्याचा होता. भिंतीवरील वर्तुळ आता हातावर आले, आणि गाडीतून असे शिक्के असलेले प्रवासी उतरविले गेल्याच्या बातम्याही आल्या. साथीत वेगाने पावले उचलावी लागतात, संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला हे शोधण्यास नावेही लागतात, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि शोधणाऱ्यास नाव कळणे आणि रस्त्यावरील सर्वांस ते कळणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकशे तेवीस वर्षांच्या अंतराने त्यांची गल्लत पुन्हा झाली.

कायद्यांनी कागद बांधला जातो, तोंड बांधले जात नाही, हेही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. नोंदवही कुलपात असली आणि बाह्य रुग्ण विभागाच्या रांगेत रोगाचे नाव घेऊन हाक मारली गेली, तर कुलपाचा उपयोग राहत नाही. लहान गावात क्रमांकामागील माणूस कोण, हे ओळखावयास वही लागतच नाही. चरकाने शिष्यास जी आज्ञा केली ती तोंडाला होती. विनियमांनी जी केली ती कागदाला आहे. आजच्या रुग्णालयात दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळाव्या लागतात, आणि त्या वैद्याप्रमाणेच परिचारिका, कारकून, समाजसेविका आणि गावोगाव फिरणारी आशा कार्यकर्ती ह्यांनाही पाळाव्या लागतात. नोंदी आता संगणकावर गेल्याने वाचकांची संख्या वाढली आहे. राखणदारांची तितकी वाढलेली नाही.

वरील इतिहासावरून एक गोष्ट निश्चित होते. गोपनीयता आणि सार्वजनिक आरोग्य ह्यांत विरोध आहे, अशी समजूत १८९७ च्या अंमलदारांची होती, आणि तिचे फळ म्हणून त्यांना मिळाले ते लपविलेले रोगी आणि खोटी उत्तरे. जेथे नाव राखले गेले तेथे माहिती मिळाली. मौन पाळणाऱ्यापाशीच माणूस बोलतो; आणि रुग्ण बोलला नाही तर कोणत्याही नोंदवहीत लिहावयास खरे असे काही उरत नाही.