सामाजिक दायित्व : कर्मचाऱ्यांचे मन त्यात आहे का?

नफ्यातील काही वाटा समाजासाठी खर्च करण्याची परंपरा भारतीय उद्योगांत जुनी आहे. त्याला कायद्याचे बंधन मात्र अलीकडे आले. या खर्चाचा लाभ समाजाला किती झाला, याची चर्चा होते. पण ज्यांच्या श्रमातून हा नफा उभा राहतो, त्या कर्मचाऱ्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे.

कायद्याची चौकट

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे त्यात ठरले. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आदी क्षेत्रे परिशिष्ट सातमध्ये नमूद आहेत.

स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च यात धरता येत नाही. जानेवारी २०१६ च्या परिपत्रकात केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांना या कामात सहभागी करून घेण्यास उत्तेजन दिले. मात्र त्यांनी विनामोबदला दिलेल्या वेळेचे पैशांत रूपांतर करून तो खर्च म्हणून दाखवता येणार नाही, असेही स्पष्ट केले. म्हणजेच कर्मचाऱ्याचा सहभाग हिशेबाच्या वहीबाहेरचा आहे.

आधी घर, मग समाज

जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणि १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. या निधीचा देशव्यापी कायदा आला तो १९५२ मध्ये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत कारखान्याबरोबरच कामगारांचे गावही उभे राहिले. तेथे कामगार आणि समाज वेगळे नव्हते.

आजचे स्वरूप निराळे आहे. महिंद्र समूहाने २००५ मध्ये ‘ईसॉप्स’ हा स्वयंसेवेचा उपक्रम सुरू केला. कर्मचाऱ्यांना कंपनीचे समभाग देण्याच्या योजनेच्या नावावर केलेली ही कोटी होती. येथे पर्याय समभागांचा नसून समाजकार्याचा होता. टाटा समूहाच्या २०१४ मधील ‘टाटा एंगेज’ उपक्रमात कर्मचारी आपले व्यावसायिक कौशल्य काही महिने स्वयंसेवी संस्थांना देऊ लागले.

ओढ कशाने वाढते?

कामाशी असलेल्या मनाच्या गुंतवणुकीची संकल्पना विल्यम कान यांनी १९९० मध्ये मांडली. कामाला अर्थ वाटणे, मोकळेपणाने वागण्याची सुरक्षितता आणि त्यासाठी उरलेली शक्ती या तीन गोष्टी त्यांनी आवश्यक मानल्या. सामाजिक उपक्रम यांपैकी पहिली गोष्ट देऊ शकतात. लेखापालाने एखाद्या छोट्या संस्थेचे हिशेब लावून दिले, की रोजच्या कामाचे मोल त्याला नव्याने उमगते.

ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारित ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताणनियोजनाची प्रशिक्षणे, मनःस्वास्थ्याची अ‍ॅप्स यांचा लाभ त्यात दिसला नाही. स्वयंसेवेची संधी हा ठळक अपवाद होता. अर्थात मुळात समाधानी असलेली माणसेच स्वयंसेवेकडे वळत असतील, ही शक्यता अशा पाहणीतून नाकारता येत नाही.

सक्तीची सेवा

सुटीच्या दिवशी सक्तीचे वृक्षारोपण, फलकासमोर छायाचित्र आणि मूल्यमापनात त्याची नोंद, असा प्रकार झाला की सेवेचा सोपस्कार होतो. थकलेल्या कर्मचाऱ्याकडे तिसरी गोष्ट, म्हणजे शक्तीच, उरलेली नसते. वेतन रखडले असेल, कंत्राटी कामगार सुविधांपासून वंचित असतील, तर बाहेर वाटलेली मदत आतल्यांना बोचते.

‘सत्यम’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांच्याच पुढाकाराने २००५ मध्ये आंध्र प्रदेशात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ७ जानेवारी २००९ रोजी त्यांनीच ताळेबंदातील घोटाळ्याची कबुली दिली आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. रुग्णवाहिका खरी होती, तिने वाचवलेले प्राणही खरे होते. पण त्या पुण्याईने ताळेबंद खरा झाला नाही.

दोन टक्क्यांचा खर्च कायद्याने करवून घेता येतो. कर्मचाऱ्याचा विश्वास मात्र उरलेल्या ९८ टक्क्यांच्या व्यवहारावर ठरतो.