येवलेकर ते टोपे: एका आडनावाची घडण

नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव पैठणीमुळे सर्वपरिचित आहे, आणि १८५७ च्या संग्रामातील सेनानी तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणूनही त्याचा उल्लेख शालेय पुस्तकांपासून होत आला आहे. परंतु ज्या आडनावाने या गावाचे नाव इतिहासात जोडले गेले, ते आडनाव येवल्यात घडलेले नाही. १८१४ मध्ये जन्मलेल्या या मुलाचे पाळण्यातील नाव रामचंद्र, वडिलांचे नाव पांडुरंग, आणि घराणे देशस्थ ब्राह्मणांचे. या कुटुंबाच्या नावापुढे 'भट' आणि 'येवलेकर' अशी दोन्ही उपपदे लावलेली आढळतात. 'टोपे' हे तिसरे नाव त्यांना गंगाकाठी, परमुलखात मिळाले आणि त्याने आधीची दोन्ही नावे पुसून टाकली.

हे कसे घडले, हे समजण्यासाठी पेशवाईतील नावांची रीत पाहावी लागते. त्या काळी आडनाव हे आजच्यासारखे प्रत्येक कागदावर सक्तीने लिहायचे पद नव्हते. व्यक्तीचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव एवढ्यावर पत्रव्यवहार भागत असे. नाशिक जिल्ह्यातच याचे ठळक उदाहरण आहे: पानिपतच्या रणांगणावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव हे मूळचे दाणी, परंतु निफाड तालुक्यातील विंचूर हे त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाल्यावर घराणे 'विंचूरकर' म्हणून ओळखले जाऊ लागले आणि 'दाणी' हे नाव मागे पडले. 'कर' हा प्रत्यय लागण्याची दोन कारणे असत, एक म्हणजे गावावरील सत्ता किंवा वतन, आणि दुसरे, कितीतरी अधिक सामान्य कारण म्हणजे गाव सोडणे. गावात राहणाऱ्या माणसाला गावाच्या नावाने हाक मारून त्याची ओळख पटत नाही. ती परगावी गेल्यावरच पटते. येवल्याचा महसूल माधवराव पेशव्यांनी विंचूरकरांकडेच दिला होता, त्यामुळे पहिल्या प्रकारचे 'येवलेकर' होणे कोणाही भटजींच्या कुटुंबाला शक्य नव्हते. पांडुरंगपंतांचे कुटुंब येवलेकर ठरले ते दुसऱ्या कारणाने, गावाबाहेर पडल्यामुळे. 'भट' या उपपदाचाही गैरसमज होऊ नये. पेशव्यांचे मूळ आडनाव भट असले तरी ते श्रीवर्धनचे कोकणस्थ होते. पांडुरंगपंतांच्या नावापुढील 'भट' हे केवळ भिक्षुकीच्या किंवा वैदिक वृत्तीच्या निदर्शक अर्थाने आले आहे.

पांडुरंगपंत दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते आणि त्यांच्याकडे धर्मादायाचे काम होते, असे सांगितले जाते. जून १८१८ मध्ये बाजीरावांनी ब्रिटिश अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होऊन आठ लाख रुपयांच्या वार्षिक तनख्यावर राज्य सोडले आणि कानपूरजवळ ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर, येथे वास्तव्य केले. त्यांच्यामागून जी मराठी कुटुंबे उत्तरेस गेली त्यांत हेही एक होते. रामचंद्र त्या वेळी चारेक वर्षांचे असणार. येवले त्यांच्या आठवणीत कितपत उरले असेल, याविषयी तर्कच करता येतो. बिठूरमध्ये बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्या सहवासात ते वाढले आणि घरगुती संबोधनातील 'तात्या' त्यांना इतके चिकटले की 'रामचंद्र' हे नाव कागदोपत्रीही मागे पडले.

'टोपे' या नावाची प्रचलित व्युत्पत्ती एका टोपीशी निगडित आहे. तात्यांच्या प्रामाणिक चाकरीवर प्रसन्न होऊन बाजीरावांनी त्यांना रत्नजडित टोपी बहाल केली, ती ते अभिमानाने घालीत, आणि त्यावरून लोक त्यांना त्या नावाने ओळखू लागले, अशी ही परंपरा आहे. या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मराठी दरबारात गौरव करायचा तो शालजोडी, पागोटे, शिरपेच, तुरा देऊन. प्रतिष्ठित ब्राह्मण गृहस्थाच्या डोक्यावर पगडी असे, टोपी नव्हे. टोपी हे परकीयांचे चिन्ह मानले जाई, म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात युरोपीय व्यापाऱ्यांना 'टोपीकर' म्हटले आहे. तेव्हा पगड्यांच्या गर्दीत एकट्याच्या डोक्यावर टोपी दिसल्यास तिचे टोपणनाव होणे स्वाभाविक होते. कथेचा तपशील दंतकथेचा असला तरी तिचे मर्म त्या काळाच्या पोशाखाशी विसंगत नाही.

दुसरे मत असे की हे नाव तोफखान्याशी संबंधित असून मूळ शब्द 'तोप' आहे. तात्यांनी ग्वाल्हेरच्या कंटिंजंट फौजेसह नोव्हेंबर १८५७ मध्ये कानपूरजवळ ब्रिटिश सेनापती विंडहॅमला मागे रेटले आणि त्यांच्या मोहिमांत तोफांना मोठे स्थान होते, यामुळे हे मत आकर्षक वाटते. तथापि भाषेच्या अंगाने त्यात अडचण आहे. मराठीत शब्द 'तोफ' असा आहे, हिंदीत 'तोप'. दोन्हींत आरंभी दंत्य 'त' आहे, तर आडनाव मराठीत व हिंदीत सर्वत्र मूर्धन्य 'ट'ने लिहिले व उच्चारले जाते. हा भेद रोमन लिपीत नाहीसा होतो, आणि तोफेची व्युत्पत्ती इंग्रजी वाचनातूनच बळावली असावी, अशी दाट शंका येते. याउलट टोपीपासून टोपे होण्यात फारसा अडथळा नाही, जरी व्याकरणाने 'टोपी'चे अनेकवचन 'टोप्या' होते. गोरे, काळे, साने, लेले अशा एकारान्त आडनावांचा साचा मराठीत इतका रूढ आहे की मूळचे 'टोपी' हे टोपणनाव त्या साच्यात बसवले जाणे सहज शक्य होते. तत्कालीन इंग्रजी कागदांतील 'टोपी'सारखी अक्षरयोजना या तर्काला पूरक आहे.

नावाच्या दृष्टीने सर्वांत बोलका कागद म्हणजे तात्यांचा अखेरचा जबाब. नरवरच्या मानसिंगाने विश्वासघात केल्यावर ७ एप्रिल १८५९ रोजी पाडोणच्या जंगलात ते पकडले गेले आणि १० एप्रिल रोजी त्यांचा जबाब नोंदवण्यात आला. त्यात त्यांनी नाव तात्या टोपे, वडिलांचे नाव पांडुरंग, वय सुमारे पंचेचाळीस, आणि मूळ ठिकाण पाटोदा परगण्यातील, नगर जिल्ह्यातील गाव असे सांगितले; गावाचे नाव लेखनिकाच्या हातून 'जोला' असे उतरले, ते येवलेच होय. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, त्यामुळे जबाबात नगरचा उल्लेख येणे बरोबरच आहे. 'येवलेकर' हे आडनाव या कागदात नाही, परंतु गाव मात्र आहे: बिठूरचे रहिवासी असूनही मूळ गाव सांगण्याची मराठी रीत त्यांनी मरणाच्या दारातही सोडली नाही. १८ एप्रिल रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी देण्यात आली. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून ते दक्षिणेकडे आले होते, पण येवल्यापर्यंत पोहोचणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे या नावाचा प्रसार झाला तो माणसांपेक्षा स्थळांमधून. १९८४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. भोपाळमधील तात्या टोपे नगर रोजच्या बोलण्यात 'टी. टी. नगर' होऊन बसले असून, आडनाव तिथे एका इंग्रजी अक्षरापुरते शिल्लक राहिले आहे. आडनाव धारण करणारी कुटुंबे मात्र मोजकीच आहेत आणि ती सारी एका मुळाची नाहीत. जालना जिल्ह्यातील राजकारणात नावारूपास आलेले टोपे घराणे मराठा समाजातील असून येवल्याच्या देशस्थ कुळाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. 'टोप' या शब्दाचे शिरस्त्राण आणि स्वयंपाकाचे मोठे भांडे असे दोन्ही अर्थ मराठीत आहेत, शिवाय कोल्हापूर जिल्ह्यात टोप नावाचे गाव आहे, त्यामुळे हे आडनाव निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले असण्यास पुरेसा वाव आहे. मुंबईतील टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजच्या नावातील 'टोपीवाला' तर तिसऱ्याच वाटेने आला: टोप्यांच्या व्यापारामुळे कोकणातील देसाई घराण्याला चिकटलेले ते व्यवसायनाम आहे. म्हणूनच कुलवृत्तांत लिहिणारे केवळ आडनावाच्या साम्यावर नाते ठरवीत नाहीत. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज दोन टोपे एका कुळाचे मानता येत नाहीत.