कडबाकुट्टीत बोट तुटलं तर? पहिल्या तासात काय करायचं, काय नाही

रब्बीची ज्वारी निघाली की गोठ्यात कडबा येतो आणि कुट्टी मशीन सुरू होते. अपघातही याच दिवसांत होतात. चार वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचा उजव्या हाताचा अंगठा पेंढीबरोबर आत गेला. आम्ही हाताला पंचा गुंडाळला आणि गाडी पळवली. शहरातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "तुटलेला भाग आणलाय का?" तो कुट्टीतच पडून राहिला होता. तो परत जोडता येतो हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून ही माहिती.

आधी माणूस, मग बोट

मशीन बंद करा, वायर काढा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यानं रक्त थांबतं. दोरीनं किंवा सुतळीनं करकचून बांधू नका, चांगला भागही त्यानं खराब होतो. हळद, चुना, तंबाखू, डिझेल यातलं काही लावू नका. लगेच १०८ ला फोन करा. ऑपरेशनला भूल द्यावी लागते, त्यामुळं वाटेत चहापाणी देऊ नका.

तुटलेला भाग कसा न्यायचा

- कितीही खराब दिसला तरी शोधून आणा. जोडायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.
- माती असेल तर स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, घासू नका.
- ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि तोंड घट्ट बांधा.
- ही पिशवी बर्फ आणि पाणी घातलेल्या डब्यात ठेवा.
- भाग थेट बर्फावर ठेवू नका, पाण्यात बुडवू नका. बर्फ लागला की मांस गोठून मरतं.
- बोट कातडीला लोंबत असेल तर ओढून तोडू नका. तसंच आधार देऊन बांधा.

वेळ किती असतो?

बोटात स्नायू नसतात, म्हणून ते जास्त टिकतं. थंड न ठेवलेलं बोट साधारण १२ तास, नीट थंड ठेवलेलं २४ तासांपर्यंत. मनगटापासून वर तुटलं तर स्नायू लवकर मरतात. थंड न ठेवता साधारण ६ तासच हातात असतात. त्यामुळं प्लॅस्टिक सर्जन कुठं आहे ते फोनवर आधी विचारा आणि थेट तिकडंच निघा.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

आधी हाड तारेनं जोडतात, मग स्नायूंच्या दोऱ्या. त्यानंतर मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या आणि नसा केसापेक्षा बारीक धाग्यानं शिवतात. कित्येक तास लागतात. तुटलेला हात जोडायची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेत बोस्टनला एका १२ वर्षांच्या मुलावर झाली. पूर्ण तुटलेला अंगठा १९६५ साली जपानमध्ये जोडला गेला.

प्रत्येक बोट जोडता येतंच असं नाही. धारदार पात्यानं कापलेलं जुळतं, चिरडलेलं किंवा पट्ट्यात ओढून तुटलेलं अवघड असतं. अंगठा, एकापेक्षा जास्त बोटं आणि लहान मुलं यांच्या बाबतीत डॉक्टर शक्यतो प्रयत्न करतातच. हाताच्या कामात एकट्या अंगठ्याचा वाटा ४० टक्के धरतात.

अंगठा गेलाच तर पायाचं बोट काढून तिथं बसवता येतं. कातडी सोलून गेली असेल तर हात जांघेतल्या कातडीला शिवून साधारण तीन आठवडे तसाच ठेवतात आणि मग सोडवतात. बघायला विचित्र वाटतं, पण हात वाचतो.

नंतरची काळजी

बिडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेलं बोट काळं पडू शकतं. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळं संवेदना यायला महिने लागतात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडला तर बोट आखडतं.

खर्च आणि मदत

दवाखान्यात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला भेटा. आपलं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक हात किंवा पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज कसा करायचा ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पोलीस आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

अपघात टाळायचा तर

पेंढी हातानं आत ढकलू नका, लाकडानं ढकला. सैल बाह्या, पदर, हातातलं कडं मशीनजवळ नको. अडकलेला कडबा मशीन बंद केल्याशिवाय काढू नका. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

माझा भाऊ आता विळा डाव्या हातानं धरतो. त्या दिवशी घरात बर्फ होता, पिशवी होती, गाडीही होती. फक्त माहिती नव्हती. ही माहिती गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.