लिंट : भाषा पुढे, परीक्षक मागे

प्रोग्रॅममधील संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनांना ‘लिंट’ म्हणतात. कापडाला चिकटलेले सुताचे बारीक तंतू, हा त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ. हे तंतू टिपणारा परीक्षक भाषेच्या मागे का पडतो, याचे उत्तर बहुधा कर्त्यांच्या आळसात शोधले जाते. आमच्या मते ते इतिहासात आहे.

पहिला लिंट स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये सी भाषेसाठी लिहिला. १९७९ च्या सातव्या युनिक्सबरोबर तो बाहेर पसरला. त्याचा पहिला भाग म्हणजे जॉन्सन यांच्याच पोर्टेबल सी कंपायलरची एक आवृत्ती होती. भाषा वाचणारा आणि तिच्यातील दोष काढणारा, दोघे एकाच घरचे होते.

जावास्क्रिप्टमध्ये हे घर विभागले. डग्लस क्रॉकफर्ड यांचा २००२ चा जेएसलिंट, त्यातून २०११ मध्ये फुटलेला जेएसहिंट आणि निकोलस झाकस यांचा २०१३ चा ईएसलिंट हे सारे ब्राउझरच्या इंजिनाहून वेगळ्या पार्सरने भाषा वाचत. ईएसलिंट एस्प्रिमा या पार्सरवर उभा होता. २०१५ ची मोठी सुधारणा दाराशी आली असता एस्प्रिमाची गती अपुरी पडली आणि त्यातून एस्प्री ही स्वतंत्र शाखा काढावी लागली.

तरी अंतर उरलेच. प्रश्नचिन्हापुढे टिंब देऊन लिहायचे ‘ऑप्शनल चेनिंग’ क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये स्वीकारले. ईएसलिंटच्या स्वतःच्या पार्सरला ते जुलैमध्ये उमगले. अशा वेळी एका अनोळखी चिन्हापाशी अडून सबंध फाइलच अवाचित राहते आणि जुने, ओळखीचे दोषही निसटतात. खरी हानी ही आहे. मग प्रोग्रॅमरने नवी सोय टाळावी, परीक्षकाला गप्प करावे, नाहीतर तिसऱ्याचा पार्सर आणून बसवावा.

सावधपणालाही कारण आहे. डेकोरेटर्सच्या प्रस्तावाची रचना अनेकदा बदलली. प्रत्येक मसुद्यामागे धावणारा परीक्षक कोणाच्याच कामाचा उरला नसता.

आज क्लँग-टायडी आणि टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट कंपायलरच्याच पार्सरचा आधार घेतात. ही जॉन्सन यांचीच वाट. मात्र वाचता येणे म्हणजे समजणे नव्हे. नव्या रचनेचा अर्थ जुन्या प्रत्येक नियमाला शिकवावा लागतो, आणि ते काम कोणताही कंपायलर करून देत नाही.