टर्टल डोंगराची तीन वाचने

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, क्रोझनेस्ट खिंडीत, फ्रँक नावाचे कोळसाखाणीचे गाव होते. २९ एप्रिल १९०३ रोजी पहाटे चारच्या सुमारास गावाशेजारच्या टर्टल डोंगराचा पूर्व उतार सुटला. सुमारे तीन कोटी घनमीटर चुनखडक दीड-दोन मिनिटांत दरीत पसरला. सत्तर ते नव्वद माणसे मृत्युमुखी पडली. खाणीत अडकलेले सतरा कामगार मात्र स्वतः वाट खणून बाहेर आले.

दोष कोणाचा, डोंगराचा की खाणीचा? त्याच वर्षी पाहणी करणाऱ्या मॅक्कॉनेल आणि ब्रॉक या सरकारी भूवैज्ञानिकांनी डोंगराच्या रचनेला मुख्य कारण मानले, खाणकामाला साहाय्यक. खडक थरांना छेदणाऱ्या भेगांवरून घसरला, असे त्यांचे मत होते. १९११ मध्ये नेमलेल्या आयोगाला उत्तर शिखराची धास्ती वाटली आणि गाव हलवावे लागले. पुढे ती धास्ती दक्षिण शिखराकडे सरकली. १९७३ मध्ये क्रूडन आणि क्रान यांनी वेगळे वाचन मांडले: डोंगर ही खडकाची कमानदार घडी असून तिच्या पूर्व बाजूचे थरच घसरणीची पायवाट ठरले.

तिसरे वाचन प्रकाशकिरणांचे. विमानातून सोडलेला लेसर किरण खडकावर आपटून परततो; त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. अशा असंख्य बिंदूंतून झाडझाडोरा वगळून डोंगराची त्रिमित प्रतिकृती उभी राहते. प्रत्येक पृष्ठाचा उतार व दिशा मोजली की एकाच दिशेच्या भेगा समूहाने उमटतात. ज्या कड्यावर माणूस चढू शकत नाही, तिथल्याही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासाने थर, घडी आणि अनेक भेगासमूह एकत्र वाचले. कडा एका घावाने नव्हे, टप्प्याटप्प्याने दुबळा होत जातो, या विचाराला त्यातून आधार मिळाला.

तरीही हा किरण पृष्ठभागच पाहतो. आत मुरणारे पाणी आणि बुजलेले बोगदे त्याला दिसत नाहीत. तिथे १९०३ चा अहवालच उघडावा लागतो. दक्षिण शिखर अजून उभे आहे आणि खाली वस्तीही आहे. खडकाच्या भेगा कशा वाचल्या जातात, यावर कोणी घर सोडायचे हे ठरते. म्हणून नव्या वाचनाने जुने कागद रद्द होत नाहीत. त्यांचे मोल वाढते.