हजार पौर्णिमांचा हिशेब

सहस्रचंद्रदर्शन ऐंशी पूर्ण झाल्यावर करायचं की एक्क्याऐंशी, यावरून घरोघरी वाद होतो. वर्षाला बारा पौर्णिमा धरणारे तर ८३ वर्षं ४ महिने सांगतात. त्यांच्या हिशेबातून अधिक महिना सुटलेला असतो. पंचांगाचं गणित सरळ आहे. १९ वर्षांत २३५ चांद्रमास होतात, त्यांतले सात अधिक. अशी चार आवर्तनं झाली की वय ७६ आणि पौर्णिमा ९४०. उरलेल्या साठ भरायला ४ वर्षं १० महिने लागतात. म्हणजे ८० वर्षं १० महिने झाले की हजार पौर्णिमा पुऱ्या.

आज आपण या दिवसाला सोहळा म्हणतो, हॉल घेतो, आमरस-पुरीचा बेत करतो. मुळात ही शांती. पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी करायच्या वयोवस्था शांतींच्या माळेतली एक. साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात शांतिकर्मांचा स्वतंत्र विचार केला आहे. कल्पना अशी की वय वाढलं की अरिष्टं वाढतात, म्हणून त्या त्या टप्प्यावर देवतांना शांत करावं. कलश मांडायचा, चंद्राची चांदीची प्रतिमा पूजायची, होम करायचा, कलशातल्या पाण्याने अभिषेक करायचा. तमिळ घरांत याचंच शताभिषेकम् होतं आणि म्हातारा नवरा म्हातारीच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतो.

हे सगळं गोड आहे, पण यातला यजमान पुरुष आहे. बायको शेजारच्या पाटावर, हाताला हात लावायला. पूर्वी नवरा-बायकोत आठ-दहा वर्षांचं अंतर असायचं, त्यामुळे त्याच्या हजार चंद्रांच्या दिवशी ती सत्तरीची असे. तिचे हजार भरेपर्यंत तो बहुधा नसे, आणि मग तिला पाटावर बसवायला पोथी तयार नसे. जिने जास्त चंद्र पाहिले तीच या हिशेबाबाहेर राहिली.

तसं पाहिलं तर चंद्राची वाट खरी पाहिली ती बायकांनीच. आमची आजी दर संकष्टीला उपास करायची. रात्री चंद्रोदय झाल्याशिवाय ताटावर बसायची नाही. पावसाळ्यात पंचांगातली वेळ बघून अर्घ्य द्यायची आणि वर म्हणायची, "दिसला नाही तो माझ्या खात्यात धरू नका." तिच्या नियमाने मोजलं असतं तर चातुर्मास बराचसा वजा करावा लागला असता.

तिचं गणित मांडायचं तर आधी जन्मसाल हवं होतं. आधार कार्डावर तारीख होती १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राला वाटलेली तीच. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९चा. त्याच्या कितीतरी आधी जन्मलेल्या या बायकांना विचारावं तर उत्तर मिळतं ते घटनांत. आजीचं माहेर रेवसजवळचं. तिला पक्कं आठवत होतं की रामदास बोट बुडाली तेव्हा ती तिसरीत होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. लगेचच अधिक श्रावण लागला. १५ ऑगस्टचं स्वातंत्र्य आलं तेही त्याच अधिक महिन्यात. आजीच्या आठवणीत मात्र त्या वर्षीचा झेंडा पुसट, आणि घरातल्या बायकांनी किनाऱ्यावर काढलेल्या रात्री स्पष्ट. जन्म माघी गणपतीचा, हे तिची आई सांगायची. तिसरीतली मुलगी आठ-साडेआठ वर्षांची धरली, थोरल्या भावाची पत्रिका पडताळली आणि १९३९चा माघ निघाला. त्या दशकात भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस होतं.

हा शोध चालला असताना तिचं सगळं आयुष्य घरासमोर आलं. सतराव्या वर्षी पनवेलला आलेली सून, शिवणाच्या मशीनवर रात्री ब्लाउज शिवून चार मुलांच्या फिया भरणारी आई, कोयनेच्या भूकंपाच्या रात्री मुलांना अंगणात घेऊन बसलेली. आम्हा नातवंडांना हे तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं. वर्षं जोडली तेव्हा कळलं की भूकंपाच्या वेळी ती अठ्ठावीस वर्षांची होती.

माघ शुद्ध चतुर्थीच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा ४ फेब्रुवारी १९३९ची, आणि हजारावी आली १२ नोव्हेंबर २०१९ला, त्रिपुरीला. गुरुजी म्हणाले, आजोबा नाहीत तर संकल्प थोरल्या मुलाने-सुनेने करावा, आजींनी बाजूला बसावं. आजीनेच होम रद्द केला. तिला एक्क्याऐंशी कणकेचे दिवे लावून लेकी-सुनांनी ओवाळलं आणि गुळाची तुला केली. पणतू मांडीवर ठेवून सोन्याची चार फुलंही उधळली. यातलं काहीच पोथीवर अडलेलं नव्हतं. तो गूळ ती महिनाभर शेजारी वाटत होती.

ती पंच्याऐंशीत गेली. तेराव्याला आलेल्यांना सांगायला आमच्याकडे तिच्या आयुष्याची वर्षवार हकिगत होती, ती या खटाटोपामुळे. माझ्या मते या संस्काराचा खरा उपयोग एवढाच, आणि तो पुरेसा आहे. शांती करा अगर न करा. तुमच्या घरात शहात्तरीची कुणी असेल तर अजून साठ पौर्णिमा हातात आहेत. आजच कॅलेंडर घेऊन तिच्याजवळ बसा आणि विचारा: शाळेत होतीस तेव्हा गावात काय घडलं होतं?