ब्रह्मावर्ताचें बिऱ्हाड

कर्तेपणाचा काळ सरल्यावर उरलेलें आयुष्य कोठें घालवावें, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. धर्मशास्त्रानें त्यासाठीं वानप्रस्थाश्रम सांगितला. लोकरूढीनें काशीवास पत्करला. परंतु परप्रांतीं कंठलेल्या निवृत्तीची जी सर्वांत मोठी कथा मराठ्यांच्या इतिहासांत आहे, ती बहुधा अर्ध्यावरच सोडून देण्यांत येते. दुसरे बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाले व पेशवाई बुडाली, एवढें सांगून लेखणी खालीं ठेवली जाते. वास्तविक त्या दिवशीं बाजीरावांचें वय अवघें ४३ वर्षांचें होतें, आणि त्यानंतर ते जवळजवळ ३३ वर्षें जगले. हा दीर्घ काळ त्यांनीं कसा घालविला, व त्यांच्यामागें गेलेल्या माणसांचें काय झालें, हें पाहिल्यावांचून त्या शरणागतीचा पुरता अर्थ लागत नाहीं.

३ जून १८१८ रोजीं असीरगडाजवळ बाजीराव सर जॉन मालकम यांच्या छावणींत आले. अटी थोडक्यांत अशा होत्या: त्यांनीं राज्यावरील हक्क कायमचा सोडावा, काशीस किंवा हिंदुस्थानांतील दुसऱ्या एखाद्या पुण्यक्षेत्रीं वास करावा, त्यांनीं अथवा त्यांच्या कुटुंबीयांनीं पुन्हा दक्षिणेंत पाऊल ठेवूं नये, आणि त्यांच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठीं सालीना निदान ८ लक्ष रुपये तनखा मिळावा. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांस ही रक्कम फार वाटली; पण मालकमनें दिलेला शब्द पाळण्यांत आला.

अखेर कानपूरनजीक गंगेच्या कांठचें ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर हें स्थळ ठरलें. ब्रह्मदेवानें येथें यज्ञ केला, वाल्मीकींचा आश्रम येथेंच होता, अशी त्या क्षेत्राची ख्याति. स्नानसंध्या व दानधर्म यांत रमणाऱ्या बाजीरावांस तें मानवण्यासारखेंच होतें. कंपनी सरकारासही तें तितकेंच सोयीचें होतें, कारण कानपूरची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर होती. शिवाय बाजीरावांवर नजर ठेवण्यास एक इंग्रज कमिशनर तेथें नेमण्यांत आला. क्षेत्रवास आणि पहारा हीं दोन्ही एकाच ठिकाणीं साधलीं.

परंतु मोठा माणूस एकटा कधींच स्थलांतर करीत नाहीं. बाजीरावांबरोबर व त्यांच्या पाठोपाठ आश्रित, भिक्षुक, कारकून, शिलेदार यांचीं कुटुंबें तेथें गेलीं. येवल्याचें टोपे घराणें त्यांत होतें. बाजीरावांचे बंधु चिमाजी आप्पा काशीस राहिले. त्यांच्या पदरीं असलेले मोरोपंत तांबे आप्पांच्या मृत्यूनंतर ब्रह्मावर्तास आले, व त्यांची कन्या मनकर्णिका तेथें वाढली. वेणगांवचे माधवराव भट हेही सहकुटुंब येऊन राहिले. त्यांचा मुलगा बाजीरावांनीं १८२७ त दत्तक घेतला. हेच नानासाहेब. अशा रीतीनें गंगेच्या कांठीं एक लहानसें पुणें वसलें. त्यांतील मुलांनीं खरें पुणें मात्र पाहिलें नव्हतें.

बाजीरावांनीं या नव्या ठिकाणीं कंपनीशीं बिघाड होऊं दिला नाहीं. अफगाण युद्धाच्या वेळीं त्यांनीं तिला ५ लक्ष रुपये कर्जाऊ दिले; पंजाबच्या युद्धांत एक हजार स्वार व एक हजार पायदळ देऊं केलें. अशा निष्ठेचें फळ आपल्यामागें वारसांस मिळेल, असें त्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

२८ जानेवारी १८५१ रोजीं ते वारले, आणि डलहौसीच्या सरकारनें तनखा बंद केला. बाजीरावांस आजवर अडीच कोटींहून अधिक रुपये मिळाले, मागें २८ लक्षांची मालमत्ता राहिली, तेव्हां कुटुंबाचा आणखी हक्क नाहीं, असा सरकारचा युक्तिवाद होता. तनखा ‘कुटुंबाच्या’ निर्वाहासाठीं होता, हें नानासाहेबांचें म्हणणें. १८५३ त अजीमुल्ला खान यांस वकील म्हणून विलायतेस पाठविण्यांत आलें. तेथेंही दाद लागली नाहीं.

येथें या स्थलांतराचें वर्म दिसून येतें. तनखा सरकारनें एका जिवापुरता धरला होता. बिऱ्हाड मात्र पिढ्यांचें झालें होतें. पेशव्यांच्या कुटुंबास दक्षिणेचा मार्ग करारानेंच बंद होता, आणि गंगेकांठीं राहावें तर आधार तुटलेला. सत्तावन सालच्या उठावास कारणें अनेक होतीं, हें खरें; तरी नानासाहेब, तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई या तिघांचाही संबंध या एकाच वसाहतीशीं पोहोंचतो, हा केवळ योगायोग म्हणतां येत नाहीं. डिसेंबर १८५७ मध्यें होप ग्रँटच्या फौजेनें बिठूरचा वाडा पाडून टाकला.

बाजीरावांच्या नांवावर दोष पुष्कळ आहेत. ते येथें उगाळण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांनीं आपल्या वार्धक्याची सोय उत्तम केली. पण आपल्यामागें आलेल्यांची सोय त्यांनीं करारांतील एका मोघम शब्दावर सोंपविली, आणि त्या शब्दाची किंमत पुढच्या पिढीनें मोजली.